पोर्शेच्या धाकट्या गाडीचा हिशेब

मा. डॉ. मिखाएल लायटर्स,
अध्यक्ष, संचालक मंडळ, पोर्शे एजी,
झुफेनहाउझेन, श्टुटगार्ट



१ जानेवारी २०२६ पासून पोर्शेची सूत्रं आपल्या हाती आली आहेत. आपल्यासमोर कामांचा डोंगर आहे. चीनमधली विक्री घसरली आहे, अमेरिकेने आयातशुल्क वाढवलं आहे, विजेच्या गाड्यांसाठी केलेला खर्च अंगावर आला आहे. या सगळ्यात ७१८ बॉक्स्टर आणि ७१८ केमन ही धाकटी जोडी कुणालाही किरकोळ वाटेल. ऑक्टोबर २०२५ मध्ये झुफेनहाउझेनच्या कारखान्यात तिचं उत्पादन थांबलं. तिची नवी पिढी विजेवर चालेल असं कंपनीने २०२२ मध्ये जाहीर केलं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या निर्णयाला मुरड घालण्यात आली आणि या मालिकेतल्या वरच्या श्रेणीच्या गाड्या पेट्रोल इंजिनातही मिळतील असं सांगण्यात आलं. म्हणजे नवी ७१८ कशी असावी, किती बनवावी आणि केवढ्याला विकावी, यावर शेवटचा शब्द आपला असणार आहे. तो ठरण्याआधी माझं म्हणणं आपल्यासमोर मांडावं म्हणून हे पत्र.

मी नाशिकचा. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत भागांचं कॉस्टिंग करणं हे माझं आयुष्यभराचं काम. नाशिक आणि श्टुटगार्ट यांचा संबंध तसा जुना आहे. आपल्या शहरातल्या बॉशचा कारखाना आमच्या सातपूरला आहे, मर्सिडीजचा चाकणला आहे, आणि मुंबई व श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. डिझेलचं युरोपात काय होणार याकडे सातपूरचे लोक वर्षानुवर्षं लक्ष ठेवून आहेत, कारण तिथे डिझेल इंजिनाला इंधन पुरवणारे भाग बनतात. तुमच्याकडे एखाद्या इंजिनाचं भवितव्य ठरतं तेव्हा आमच्या एमआयडीसीतल्या कुणाच्या तरी शिफ्टचंही भवितव्य ठरत असतं. म्हणून तुमच्या कंपनीचा हिशेब आम्हाला परका वाटत नाही.

स्पोर्ट्‌स कार नव्याने घडवायची म्हटलं की दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, किंमत आवाक्यात ठेवा, जास्त गाड्या विका, कारखाना भरलेला राहू द्या. दुसरा म्हणतो, थोड्याच गाड्या बनवा, महाग विका, प्रत्येक गाडीमागे भरपूर नफा घ्या. गेली काही वर्षं पोर्शेने संख्येपेक्षा मूल्याला महत्त्व देत असल्याचं सांगितलं, म्हणजे दुसरा पक्ष पत्करला. माझं म्हणणं असं, की संख्या आणि नफा यांतलं एक निवडण्याआधी तिसरा प्रश्न विचारायला हवा: या गाडीच्या खर्चात वाटेकरी कोण आहे? तुमच्याच कंपनीला तीस वर्षांपूर्वी या प्रश्नाच्या उत्तराने वाचवलं होतं.

तो काळ आपल्याला माहीत आहे. माझ्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. १९८५-८६ मध्ये पोर्शेने ५० हजारांहून जास्त गाड्या विकल्या होत्या, त्यांतल्या निम्म्याहून अधिक अमेरिकेत. पुढे डॉलर घसरला, शेअर बाजार कोसळला, मंदी आली आणि १९९२-९३ पर्यंत विक्री १४ हजारांच्या आसपास आली. त्या वर्षी कंपनीला सुमारे २४ कोटी मार्कांचा तोटा झाला. विक्री कमी झाली म्हणून तोटा झाला हे खरं, पण ते अर्धंच. त्या वेळी पोर्शे तीन प्रकारच्या गाड्या बनवत होती. ९११ चं इंजिन मागे, हवेने थंड होणारं, सहा सिलिंडरचं. ९६८ चं इंजिन पुढे, पाण्याने थंड होणारं, चार सिलिंडरचं. ९२८ चं इंजिनही पुढे, पण आठ सिलिंडरचं. तीन गाड्यांची तीन इंजिनं, तीन सांगाडे, साच्यांचे तीन संच, आणि एकमेकींत बसतील असे भाग फारच थोडे. एवढ्या लहान कंपनीने तीन वेगळे संसार थाटले होते आणि प्रत्येकाचं भाडं एकटीच भरत होती.

वेंडेलिन विडेकिंग यांनी १९९२ मध्ये सूत्रं घेतली, तेव्हा त्यांनी टोयोटाच्या पद्धतीत मुरलेले जपानी सल्लागार झुफेनहाउझेनमध्ये आणले. सुट्या भागांनी भरलेल्या उंच रॅक विडेकिंग यांनी स्वतः करवतीने कापल्या, ही गोष्ट कारखानदारीच्या जगात आजही सांगितली जाते. साठा कमी झाला, चुका कमी झाल्या, एक गाडी बनवायला लागणारे तास कमी झाले. पण कंपनी तगली ती केवळ काटकसरीने नव्हे. जानेवारी १९९३ मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात बॉक्स्टरचा नमुना लोकांसमोर आला, १९९६ मध्ये ती गाडी बाजारात उतरली आणि १९९७ मध्ये नवी ९११ आली. या दोन्ही गाड्या एकत्रच आखल्या होत्या. पुढच्या बंपरपासून दारांपर्यंतचा भाग दोघींचा जवळजवळ एकच, हेडलाइट एकाच घडणीचे, इंजिनं एकाच कुळातली. एकीत इंजिन मधोमध, दुसरीत मागे. ९६८ आणि ९२८ तोवर बंद झाल्या होत्या.

अमेरिकेत बॉक्स्टरची किंमत ३९,९८० डॉलरपासून सुरू झाली, म्हणजे ९११ पेक्षा कितीतरी खाली. पहिल्या पिढीच्या दीड लाखाहून अधिक बॉक्स्टर बनल्या. त्याच काळातल्या ९११ चाही आकडा दीड लाखाच्या पुढे गेला. बॉक्स्टरने पोर्शेला वाचवलं असं आपण सहज म्हणतो. मला ते वाक्य अपुरं वाटतं. बॉक्स्टर एकटीच आली असती तर त्या किमतीत तिचा खर्च निघणं कठीण होतं, आणि नवी ९११ एकटी आली असती तर साच्यांचा, चाचण्यांचा, नव्या इंजिनाचा सगळा भार तिच्या एकटीच्या डोक्यावर पडला असता. धाकटीने संख्या आणली, थोरलीने नफा आणला, आणि दोघींची चूल एक होती म्हणून घर चाललं.

वाढलेल्या मागणीचं काय केलं, हेही विसरता येणार नाही. बॉक्स्टरची मागणी झुफेनहाउझेनच्या आवाक्याबाहेर गेली तेव्हा पोर्शेने तिच्यासाठी नवा कारखाना उभारला नाही. फिनलंडमधल्या उसिकाउपुंकी गावच्या व्हालमेट कंपनीला १९९७ पासून काम दिलं. ती व्यवस्था २०११ पर्यंत चालली आणि दोन लाखांहून जास्त बॉक्स्टर व केमन तिथून बाहेर पडल्या. मागणी चढली की फिनलंडचं काम वाढायचं, उतरली की कमी व्हायचं, आणि घरच्या कारखान्याचा स्थिर खर्च वाढायचा नाही. हे शहाणपण कॉस्टिंगच्या पुस्तकात धडा म्हणून शिकवावं इतकं मोलाचं आहे.

वाटेकरी असण्याची किंमतही मोजावी लागते, ते मी लपवणार नाही. कितीतरी महाग ९११ समोरून स्वस्त बॉक्स्टरसारखी दिसते, म्हणून जुने चाहते नाराज झाले. त्या हेडलाइटला लोकांनी तळलेल्या अंड्याची उपमा दिली आणि काही वर्षांतच कंपनीला ९११ चा चेहरा वेगळा करावा लागला. त्या इंजिनातल्या एका बेअरिंगचा दोष दोन्ही गाड्यांना भोवला, कारण इंजिन सामायिक होतं. प्रकरण अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेलं. म्हणून काय सामायिक असावं आणि काय वेगळं, हे ठरवण्यातच खरं कौशल्य आहे. ग्राहकाला जे डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं आणि कानांना ऐकू येतं, ते वेगळं असू द्यावं. जे दिसत नाही, पण ज्याच्यासाठी साचे, चाचण्या आणि प्रमाणपत्रं लागतात, ते एक असावं.

आता थोडं गणित मांडतो. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. तुमचे खरे आकडे तुमच्याकडे आहेत. समजा, नव्या धाकट्या गाडीच्या आखणीला, साच्यांना आणि चाचण्यांना मिळून १०० कोटी युरो लागतात. वर्षाला २० हजार गाड्या सात वर्षं विकल्या तर एकूण १ लाख ४० हजार. मग प्रत्येक गाडीवर सुमारे ७,१४० युरोंचा भार. विक्री निम्मी झाली तर तोच भार १४,२९० युरो. ही झाली एकट्या गाडीची गोष्ट. आता त्या १०० कोटींतले ५० कोटी असे धरा, की ज्यांतून तयार झालेले भाग ९११ लाही लागतात आणि ती वर्षाला ५० हजार विकली जाते. तर धाकटीवरचा भार सुमारे ४,५९० युरोंवर येतो. आणि समजा धाकटीची विक्री निम्मी झाली, तरी तो ८,३३० युरोंच्या आसपास थांबतो.

या आकड्यांतून दोन गोष्टी दिसतात. वाटेकरी असलेली गाडी निम्मीच विकली गेली तरी तिच्यावरचा भार, पूर्ण विकल्या गेलेल्या एकट्या गाडीपेक्षा फार जास्त नसतो. ज्या बाजारात पुढच्या दोन वर्षांचा अंदाज बांधता येत नाही, तिथे ही केवढी मोठी सुरक्षितता आहे! दुसरी गोष्ट ताळेबंदात दिसत नाही. याच उदाहरणात धाकटीने सामायिक खर्चाचा वाटा उचलल्यामुळे प्रत्येक ९११ मागे सुमारे ४१० युरो वाचतात. सात वर्षांत ही बचत १४ कोटी युरोंच्या पुढे जाते. पण ती ९११ च्या खात्यात जमा होते आणि धाकटीच्या खात्यात तिची नोंदसुद्धा होत नाही. वर्षअखेरीला कुणीतरी तक्ता पुढे करून सांगतो, की बघा, थोरली किती कमावते आणि धाकटी किती कमी. हा तक्ता पाहून धाकटीला बंद करायचा मोह होतो. डॉक्टर, तो तक्ता अपुरा आहे.

धाकटीला मागणी नव्हती म्हणून ती थांबली, असंही म्हणता येत नाही. २०१६ मध्ये बॉक्स्टर आणि केमनला ७१८ हे नाव मिळालं आणि सहा सिलिंडरच्या जागी टर्बो लावलेलं चार सिलिंडरचं इंजिन आलं. त्यामागे उत्सर्जनाचे नियम होते आणि इंजिनाच्या आकारावर कर लावणारा चीनचा बाजारही होता. ताकद वाढली, पण आवाज गेला, आणि स्पोर्ट्‌स कार घेणाऱ्याला आवाजाचंही मोल असतं. पुढे वरच्या श्रेणीत चार लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन परत आलं आणि चाहते परतले. ते इंजिनही ९११ च्या इंजिनांच्या कुळातूनच घडवलेलं होतं. २०२३ मध्ये जगभरात ७१८ च्या २०,५१८, तर २०२४ मध्ये २३,६७० गाड्या ग्राहकांना मिळाल्या. जुलै २०२४ पासून युरोपीय संघात सायबर-सुरक्षेचा नवा नियम सर्व नव्या गाड्यांना लागू झाला. ७१८ ची जुनी विद्युत रचना त्यात बसत नव्हती, म्हणून काही मर्यादित आवृत्त्या सोडल्या तर तिथली विक्री थांबली. म्हणजे घरचा बाजार निम्मं वर्ष बंद असताना विक्री वाढली. शेवटची संधी म्हणून काहींनी घाई केली असेल, हे मान्य. पण आठ वर्षं जुन्या गाडीसाठी लोक रांगेत उभे राहतात तेव्हा तिची ओढ संपलेली नसते.

त्याच २०२४ मध्ये ९११ च्या ५०,९४१ गाड्या गेल्या. पोर्शेच्या एकूण ३ लाख १० हजार गाड्यांत ७१८ चा वाटा शंभरात आठसुद्धा नव्हता. संख्येच्या तराजूत ती नगण्य ठरते आणि नफ्याच्या तराजूत ९११ तिला झाकून टाकते. दोन्ही तराजूंवर हरणारी गाडी प्रत्यक्षात मात्र काय करत होती? झुफेनहाउझेनला ९११ ज्या लाइनवर बनते, त्याच लाइनवर ७१८ बनत होती. तेच कामगार, तीच यंत्रं, तेच पुरवठादार. ९११ चा नवा बदल येताना, एखाद्या बाजारात मागणी मंदावताना, लाइनवरची मोकळी जागा ७१८ भरून काढू शकत होती. ऑक्टोबर २०२५ पासून ती लाइन ९११ च्या एकटीच्या मागणीवर अवलंबून आहे.

विजेच्या ७१८ चा विचार मुळात चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. २०२१ मध्ये म्युनिकला ‘मिशन आर’ हा नमुना कंपनीने दाखवला, तेव्हा बॅटरी आसनांच्या मागे ठेवून मधल्या इंजिनाच्या गाडीसारखा तोल साधायची कल्पना खरोखर सुंदर होती. पण खर्चाच्या दृष्टीने त्या निर्णयाने धाकटीला थोरलीपासून तोडलं. ९११ पेट्रोलवर राहणार आणि ७१८ विजेवर जाणार, म्हणजे दोघींत सामायिक उरणार ते थोडंच. ऑडीने सप्टेंबर २०२५ मध्ये दाखवलेली ‘कॉन्सेप्ट सी’ याच पायावर उभी राहील अशी चर्चा आहे, तेव्हा वाटेकरी अगदीच नाही असं नाही. पण जिची विक्री अजून सुरूच झालेली नाही तिच्याशी केलेली वाटणी, आणि वर्षाला ५० हजार ग्राहक ज्या गाडीची वाट पाहतात तिच्याशी केलेली वाटणी, या दोन्ही सारख्या कशा मानायच्या? विजेच्या महागड्या गाड्यांची मागणी किती चंचल असते, ते टायकानने दाखवलंच आहे. २०२१ मध्ये ४१,२९६ टायकान गेल्या आणि ९११ सुद्धा मागे पडली; २०२४ मध्ये तोच आकडा २०,८३६ होता. एकट्या उभ्या असलेल्या गाडीची मागणी निम्मी झाली की काय होतं, ते वरच्या गणितात आलं आहे.

दुसऱ्या कंपन्यांनीही हा धडा गिरवला आहे. टोयोटाने सुप्रा परत आणली ती बीएमडब्ल्यूच्या झेड-४ सोबत. दोन्ही ऑस्ट्रियातल्या ग्राझला एकाच छताखाली बनल्या. टोयोटा ८६ आणि सुबारू बीआरझेड या जुळ्या बहिणी सुबारूच्या कारखान्यात जन्मल्या. माझदाने एमएक्स-५ च्या पायावर फियाटला १२४ स्पायडर बनवून दिली. दुसऱ्या टोकाला होंडाची दुसरी एनएसएक्स आहे. तिच्यासाठी ओहायोत खास कारखाना उभारला गेला आणि २०१६ ते २०२२ या काळात तीन हजारांहूनही कमी गाड्या बनल्या. अभियांत्रिकीत ती गाडी कुणापेक्षा कमी नव्हती. पण तिच्या खर्चाचा मोठा भाग वाटून घ्यायला दुसरं कुणी नव्हतं.

आपण हे सगळं आतून पाहिलं आहे, म्हणून मी इतक्या विश्वासाने लिहितो आहे. फेरारीत आपण तंत्रविभागाचे प्रमुख होता. त्या कंपनीने २०२४ मध्ये १३,७५२ गाड्या दिल्या आणि विक्रीवर २८ टक्क्यांहून जास्त कार्यकारी नफा मिळवला. त्यानंतर आपण मॅकलारेनचे प्रमुख होता. तिथे गाड्या फेरारीपेक्षा कितीतरी कमी, किमती तशाच उंच, आणि तरीही कंपनीला २०२१ मध्ये वोकिंगचं आपलं मुख्यालय १७ कोटी पौंडांना विकून भाड्याने घ्यावं लागलं होतं. थोड्या आणि महाग गाड्या विकणं हे नफ्याचं रहस्य असतं तर मॅकलारेन फेरारीहून श्रीमंत असती. फेरारीत एकच इंजिन निरनिराळ्या रूपांत अनेक गाड्यांना पुरतं, आणि खास आवृत्त्या नेहमीच्या गाड्यांच्या पायावर उभ्या राहतात. पोर्शेही ते जाणते. ९११ डकारच्या २,५००, ९११ एस/टीच्या १,९६३ गाड्या बनल्या, आणि त्या दोन्ही मुळात ९११ च होत्या. दुर्मीळ गाडीचा नफा भरघोस असतो, कारण तिचा पाया हजारो साध्या गाड्यांनी आधीच भरून दिलेला असतो. साध्या गाड्या काढून टाकून फक्त दुर्मीळ गाड्या ठेवल्या तर पायाचे पैसे कोण देणार?

आज कंपनीची स्थिती अवघड आहे, हे मला दिसतं. २०२३ मध्ये विक्रीवरचा नफा १८ टक्के होता, २०२४ मध्ये १४.१ टक्के झाला. २०२५ च्या पहिल्या नऊ महिन्यांत कार्यकारी नफा आदल्या वर्षीच्या सुमारे ४०० कोटी युरोंवरून ४ कोटींवर आला, आणि या घटीतला मोठा भाग धोरण बदलल्याच्या खर्चाचा होता. चीनमध्ये २०२१ ला ९५,६७१ गाड्या गेल्या होत्या, २०२४ ला ५६,८८७. अशा वेळी समोरच्या टेबलावर सोपा उपाय ठेवला जातो: धाकटीला फक्त महागड्या रूपात आणा, थोडी बनवा, नफा जास्त घ्या. या उपायाने पहिल्या वर्षाचा ताळेबंद बरा दिसेल. पण त्यात ना संख्या राहील, ना वाटणी.

म्हणून माझ्या काही विनंत्या आहेत.

पेट्रोलवरची नवी ७१८ पुढच्या ९११ सोबत आखावी. विजेसाठी बनवलेल्या सांगाड्यात नंतर इंजिन, टाकी आणि एक्झॉस्टची जागा शोधत बसलं, तर खर्चही वाढेल आणि गाडीही तडजोडीची होईल. पुढचं सस्पेन्शन, ब्रेक, विद्युत रचना, आसनांचे सांगाडे, इंजिनाचं कूळ, हे सगळं एकदाच आखता येईल. २०२४ मध्ये ९११ जीटीएसला दिलेलं संकरित तंत्र उत्सर्जनाच्या नियमांसाठी धाकटीलाही उपयोगी पडू शकतं. विजेची ७१८ आणायची असेल तर जरूर आणावी, पण तिच्या हिशेबात सामायिक भाग आणि सामायिक लाइन किती, हे आधी मोजावं.

धाकटी खरोखर धाकटी राहू द्यावी. अमेरिकेत ९११ आता १ लाख २० हजार डॉलरच्या वर सुरू होते, तर ७१८ अगदी शेवटपर्यंत ७० हजारांच्या आसपास मिळत होती. फक्त वरच्याच आवृत्त्या आणल्या तर ७१८ चा ग्राहक ९११ कडे वळेल किंवा दुसऱ्या कंपनीकडे जाईल. एसयूव्ही घेणारे पोर्शेला पैसा देतात, पण पोर्शे म्हणजे स्पोर्ट्‌स कार ही ओळख ज्या पहिल्या पायरीवरून लोकांच्या मनात रुजते, ती पायरी काढून टाकू नये. पहिली बॉक्स्टर घेणारा तिशीतला माणूस वीस वर्षांनी ९११ चा ग्राहक असू शकतो. त्याची किंमत कोणत्याही तिमाहीत दिसत नाही.

उत्पादन मागणीपेक्षा थोडं कमीच ठेवावं, आणि मागणी वाढली तर फिनलंडचा धडा आठवावा. सूट देऊन संख्या फुगवलेली स्पोर्ट्‌स कार जुन्या बाजारात लवकर उतरते आणि नव्या गाडीच्या किमतीलाही खाली ओढते. गाडी आवाक्यात ठेवणं आणि गाड्या साठवून विकणं, या दोन गोष्टी एक नाहीत. पहिली मला हवी आहे, दुसरी नको.

संचालक मंडळासमोर येणाऱ्या तक्त्यात एक रकाना वाढवावा. प्रत्येक गाडीने स्वतः किती कमावलं याच्या शेजारी, तिने दुसऱ्या गाड्यांचा किती खर्च उचलला, लाइनचे किती रिकामे तास भरले आणि किती ग्राहक पुढे मोठ्या गाडीकडे आणले, हे लिहिलं जावं. असा रकाना भरणं अवघड नाही. मी माझ्या कामात छोट्या भागांसाठी तो भरत आलो आहे. ज्या कंपनीने वाइसाखच्या आपल्या संशोधन केंद्रात वाऱ्याचा रोध दशांशात मोजला, तिला हे मोजणं जड जाणार नाही.

आणि शेवटची विनंती माणसांसाठी. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने श्टुटगार्ट परिसरात २०२९ पर्यंत १,९०० नोकऱ्या कमी करायचं जाहीर केलं. झुफेनहाउझेनच्या लाइनवर दोन गाड्या असण्याचा अर्थ तिथल्या कामगाराला, आणि त्याला भाग पुरवणाऱ्या दूरच्या कामगाराला, अगदी नेमका कळतो: एका गाडीचे वाईट दिवस आले तर दुसरी हाताला काम देते. एकाच महागड्या गाडीवर उभा असलेला कारखाना चांगल्या वर्षी फार श्रीमंत दिसतो, आणि वाईट वर्षी माणसं घरी पाठवतो. १९९३ चे पोर्शेचे कामगार हे जगले आहेत. आमच्या सातपूर-अंबडच्या लोकांनीही मंदीत हेच भोगलं आहे.

डॉ. लायटर्स, आपण मोटारी घडवणारे अभियंते आहात आणि पोर्शेत आपली बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून मला आशा आहे. नव्या ७१८ चा आराखडा पुढे येईल तेव्हा, किती विकायच्या आणि गाडीमागे किती कमवायचं, हे दोन प्रश्न आपले सहकारी विचारतीलच. आपण तिसरा विचारा: हिच्या खर्चात वाटेकरी कोण? त्याचं उत्तर ‘९११’ असेल तर ती गाडी बिनधास्त बनवा, स्वस्त ठेवा, आणि एखाद्या वर्षी विक्री कमी झाली तरी घाबरू नका. उत्तर ‘कुणी नाही’ असं आलं, तर आराखडा परत पाठवा आणि गाडी मात्र रद्द करू नका. तिला तिची जोडीदार मिळवून द्या.

कळावे,

आपला,
नाशिकचा एक कॉस्टिंग करणारा
जानेवारी २०२६